पेनिसिलिन तुळशीला का मारत नाही?

पिंपरीची लेक | रविवार, सकाळी १०:२०

माझे बाबा पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये होते. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभा राहिलेला हा कारखाना, १९५५ पासून तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. बाबा नंतर लागले, फर्मेंटेशनला, म्हणजे पेनिसिलिन देणारी बुरशी मोठ्या टाक्यांत वाढवतात त्या विभागात. आमचं बालपण कॉलनीतच गेलं. बाबा आज चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत आणि नातीचा विज्ञानाचा अभ्यास तेच घेतात.

काल पेशीचा धडा चालला होता. वनस्पतीच्या पेशीला पेशीभित्तिका असते, जिवाणूलाही असते, प्राण्यांच्या पेशीला नसते, इथवर आलं. बाबा उत्साहाने म्हणाले, "आम्ही बनवायचो ते पेनिसिलिन जिवाणूची ही भिंतच पाडतं. आपल्याला भिंत नाही, म्हणून आपल्याला काही होत नाही." लेकीने लगेच विचारलं, "मग आजोबा, तुळशीला पेनिसिलिन घातलं तर तुळस मरेल?"

बाबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तीस वर्षं मी ते औषध बनवलं, पण हे मला कुणी विचारलं नाही. तू त्या तुझ्या लोकांना विचार."

म्हणून हा धागा. दोन्हीकडे शब्द एकच, पेशीभित्तिका. मग भिंत एकच का? नसेल तर फरक कुठे? आणि मुळात ही भिंत करते तरी काय?

---

बाटलीतलं रोप | रविवार, सकाळी १०:५५

तुळस मरणार नाही. हे मी रोजच्या कामावरून सांगते. मी टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळेत आहे. रोपाच्या तुकड्यांना जिवाणू चिकटून राहिले असतील तर आम्ही माध्यमात सेफोटॅक्सिम घालतो. ते पेनिसिलिनच्याच मोठ्या कुटुंबातलं, जिवाणूच्या भिंतीवर काम करणारं. जिवाणू जातात आणि केळीचा कोंब तिथेच वाढत राहतो. का, ते नीट सांगणारे इथे आहेत, त्यांची वाट बघते.

---

सूक्ष्मदर्शी | रविवार, दुपारी १:१०

ताई, मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. लेकीने अगदी जागेवर बोट ठेवलंय, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

आधी भिंत करते काय ते. पेशीच्या आत क्षार, साखरा, प्रथिनं दाटीवाटीने भरलेली असतात आणि बाहेर पातळ पाणी. म्हणून पाणी आत शिरत राहतं. पेशीभोवतीचं पटल पाणी येऊ देतं, पण ते साबणाच्या फुग्याइतकं नाजूक असतं. आपल्या तांबड्या पेशी साध्या पाण्यात टाकल्या तर फुगून फुटतात. शरीरात फुटत नाहीत, कारण भोवतालच्या रक्तातलं क्षारांचं प्रमाण शरीर सतत सांभाळतं. शेतातल्या मातीत, पावसाच्या डबक्यात राहणाऱ्या जिवाणूचं कोण सांभाळणार? आणि झाडाच्या मुळाचं?

सायकलवर वाढलेल्यांना हे पटकन कळेल. पटल म्हणजे ट्यूब, भिंत म्हणजे टायर. टायरशिवाय ट्यूबमध्ये हवा भरत गेलं की ट्यूब फुटते. स्टॅफिलोकॉकससारख्या जिवाणूच्या आतला दाब मोटारीच्या टायरमधल्या दाबापेक्षा कितीतरी जास्त असतो आणि तो एका अतिशय बारीक जाळीने पेललेला असतो. बाहेरच्या शत्रूला अडवणं हे भिंतीचं दुसरं काम. पहिलं काम आतला दाब पेलण्याचं. पाठ्यपुस्तकात 'संरक्षण' एवढाच शब्द येतो आणि मुलांना वाटतं की भिंत म्हणजे किल्ल्याचा तट.

आता साहित्य. इथेच दोघांच्या वाटा पूर्ण वेगळ्या होतात.

वनस्पतीची भिंत मुख्यतः सेल्युलोजची. ग्लुकोजचे हजारो मणी ओवलेले सरळ दोर, असे पुष्कळ दोर एकत्र येऊन झालेले पेड, त्यांना बांधणारं हेमिसेल्युलोज आणि मधल्या जागेत पेक्टिनचा चीक.

जिवाणूची भिंत पेप्टिडोग्लायकनची. त्यात दोन वेगळ्या साखरा आळीपाळीने ओवलेल्या असतात आणि शेजारशेजारच्या साखळ्या अमिनो आम्लांच्या आखूड धाग्यांनी आडव्या गाठून टाकलेल्या असतात. अशी गाठ गाठ मारून जिवाणूभोवती एक अखंड जाळीदार पिशवी तयार होते. या आखूड धाग्यांत उलट्या हाताची अमिनो आम्लं असतात. उजव्या आणि डाव्या हातमोज्यात जसा फरक तसा हा. आपली प्रथिनं एकाच हाताच्या अमिनो आम्लांची बनतात, या धाग्याच्या शेपटाशी मात्र दुसऱ्या हाताची दोन अॅलानिन शेजारी शेजारी बसलेली असतात.

गाठ मारणारं विकर नेमकं हे शेपूट धरतं. पेनिसिलिनचा रेणू या शेपटासारखा दिसतो. विकर त्याला धरतं आणि कायमचं अडकून पडतं. तुळशीच्या सेल्युलोजमध्ये ते शेपूटही नाही आणि ती गाठही नाही. म्हणून पेनिसिलिनला तिथे धरायला काहीच मिळत नाही.

आजोबांना नमस्कार सांगा, पण त्यांच्या एका शब्दाबद्दल थोडं बोलायचंय. संध्याकाळी लिहितो, प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासायच्या आहेत.

---

कसबा पेठ | रविवार, दुपारी १:४०

वाचनखूण साठवली. टायर-ट्यूब एकदम पटलं.

---

अळूवडी | रविवार, दुपारी ३:०५

पेक्टिन शब्द आला म्हणून विचारते. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर सुरू झाला की तूरडाळ शिजत नाही. कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या तरी दाणा वेगळा. महापालिकेचं पाणी असलं की तीच डाळ तीन शिट्ट्यांत मऊ. टँकर बोअरचा असतो. सासूबाई चिमूटभर सोडा घालायच्या आणि चिंच कधीही आधी घालू द्यायच्या नाहीत. याचा भिंतीशी काही संबंध आहे का?

---

बुचाचं फूल | रविवार, दुपारी ४:३०

अळूवडी, पूर्ण संबंध आहे. मी वनस्पतीशास्त्राची, त्यामुळे या प्रश्नावर मला फार बोलावंसं वाटतं.

डाळ शिजते म्हणजे तिच्या पेशी फुटतात असं आपण समजतो. खरं तर बहुतेक पेशी फुटत नाहीत, एकमेकींपासून सुटतात. दोन शेजारच्या भिंतींच्या मध्ये पेक्टिनचा थर असतो, विटांमधल्या चुन्यासारखा. उकळत्या पाण्यात तो विरघळला की डाळ मऊ पडते, रवीने घोटली की एकजीव होते. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. कॅल्शियम पेक्टिनच्या दोन साखळ्यांच्या मध्ये बसून त्यांना जखडतं. चुना विरघळायच्या ऐवजी आणखी धरतो.

सोड्याने पाणी अल्कधर्मी होतं आणि पेक्टिनच्या साखळ्या लवकर तुटतात. चिंच, आमसूल, टोमॅटो आम्लधर्मी, त्यांच्यामुळे पेक्टिन टिकून राहतं. म्हणून आमटीत चिंच-गूळ डाळ शिजल्यावरच घालायचा. तुमच्या सासूबाईंची रीत रसायनशास्त्राला धरून होती.

हीच गोष्ट उलट्या बाजूने बघा. पेठा करताना कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या निवळीत भिजत घालतात. तिथे आपल्याला कॅल्शियम हवंच असतं, फोड पाकात शिजूनही तिचा कुरकुरीतपणा टिकावा म्हणून.

आणि जुना राजमा, जुने वाल का शिजत नाहीत? दमट गरम हवेत ठेवणीत दाण्यातल्या फायटेटचं (फॉस्फरस साठवणाऱ्या क्षाराचं) विघटन होतं, त्याने धरून ठेवलेलं कॅल्शियम मोकळं होतं आणि पेक्टिनला जाऊन चिकटतं. पाणी चांगलं असूनही दाणा आतूनच जड झालेला असतो.

---

अळूवडी | रविवार, दुपारी ४:५०

हे वाचून मी सासूबाईंना फोन केला. त्या सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत. कोहळ्याच्या निवळीचं त्यांनीच आधी सांगितलं, मी वाचून दाखवायच्या आत.

---

सूक्ष्मदर्शी | रविवार, संध्याकाळी ७:४५

आता तो शब्द. 'पाडतं.'

पेनिसिलिन भिंत पाडत नाही. भिंत पाडणारी गोष्ट वेगळी आहे आणि ती आपल्या डोळ्यांत आहे. अश्रूंत, लाळेत, कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्यात लायसोझाइम नावाचं विकर असतं. ते पेप्टिडोग्लायकनच्या दोन साखरांमधला बंध थेट तोडतं. १९२२ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली. पेनिसिलिनचं त्यांचं निरीक्षण त्यानंतरचं, १९२८ चं. म्हणजे एकाच माणसाच्या हाताला जिवाणूच्या भिंतीवरचे दोन्ही उपाय लागले. एक कापणारा, दुसरा विणकाम थांबवणारा.

हे थांबवणं नीट समजून घ्यायला हवं. जिवाणूला वाढायचं तर ती अखंड पिशवी मोठी करायला लागते. आतल्या दाबाने फुगलेली असतानाच ती जागोजाग कापायची, नवा धागा घालायचा, गाठ मारायची. कापणारी विकरं जिवाणूची स्वतःचीच. ई. कोलाय ही आतड्यात राहणारी जिवाणूची जात एका पिढीत आपल्या भिंतीचा जवळजवळ निम्मा भाग सोडवून पुन्हा वापरते, आणि चांगलं अन्न मिळालं तर तिची पिढी वीस मिनिटांची असते. ही भिंत बांधून झाली असा दिवस कधी येतच नाही, काम अखंड चालू.

पेनिसिलिन गाठ मारणाऱ्या गवंड्यांचे हात धरतं. कापणारे मात्र कापत राहतात. भोकं पडत जातात आणि आतला दाब उरलेलं काम करतो. जिवाणू स्वतःच्याच दाबाने फुटतो.

म्हणूनच जो जिवाणू वाढत नाही, नुसता पडून आहे, त्याचं पेनिसिलिन फारसं काही बिघडवू शकत नाही. तिथे कापणारेही थांबलेले असतात.

---

पिंपरीची लेक | रविवार, रात्री ८:३०

बाबांना वाचून दाखवलं. 'गवंड्यांचे हात' या वाक्यावर त्यांनी मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. म्हणाले, वाढत्या जंतूवरच हे औषध चालतं हे त्यांनी कामावर पुष्कळदा ऐकलं होतं, कारण मात्र आज कळलं.

मग ते फर्मेंटरबद्दल बोलत बसले. बुरशी वाढवायची तर आत निर्जंतुक हवा अखंड द्यावी लागे, पाती फिरत राहावी लागत, तापमान पंचविसाच्या आसपास. त्या बुरशीलाही भिंत असते ना? तिचं पेनिसिलिन तिला स्वतःला का मारत नाही, हा बाबांचा प्रश्न.

---

सूक्ष्मदर्शी | रविवार, रात्री ९:१५

बुरशीला भिंत असते, पण ती तिसऱ्याच साहित्याची. कायटिन आणि ग्लुकनची. खेकड्याच्या कवचात असतं तेच कायटिन. तिथेही पेनिसिलिनची गाठ नाही.

बाबांना हॅमायसिन आठवेल. ते बुरशीविरुद्धचं औषध त्यांच्याच कारखान्यातल्या संशोधनातून आलं. डॉ. एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी त्यामागे होते. ते बनवणाऱ्या जिवाणूच्या नावातच पिंपरी आहे, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. हॅमायसिन बुरशीच्या भिंतीला हात लावत नाही, आतल्या पटलातल्या अर्गोस्टेरॉल या स्निग्ध घटकाला धरतं. म्हणजे पिंपरीत एका छपराखाली भिंतीवरचं औषध आणि पटलावरचं औषध अशी दोन्ही होती.

---

पिंपरीची लेक | रविवार, रात्री ९:२५

हॅमायसिन म्हटल्यावर बाबांचा चेहरा बघायला हवा होता.

---

रात्रपाळी | सोमवार, पहाटे ५:५०

डॉक्टर आहे, ड्यूटी संपवून लिहितोय. रुग्णाच्या बाजूने चार गोष्टी.

मायकोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूला भिंतच नसते. त्याने होणाऱ्या न्यूमोनियात पेनिसिलिन कुटुंबातलं कुठलंही औषध चालत नाही, कारण मारायला गवंडीच नाहीत. दुसऱ्या जातीचं औषध द्यावं लागतं. विषाणूंना तर पेशीच नसते. सर्दी-पडशाला ही औषधं देऊन काही होत नाही, याचं कारण इतकं साधं आहे, आणि तरी रोज समजवावं लागतं. त्याचा मला कंटाळा येत नाही.

क्षयाचा जंतू दुसऱ्या टोकाचा. त्याच्या पेप्टिडोग्लायकनवर मायकोलिक आम्लांचा जाड मेणचट थर असतो. साधे रंग त्यात शिरत नाहीत. थुंकीची काचपट्टी तपासताना तांबडा कार्बोल फुक्सिन घालून खालून गरम करतात, तेव्हा रंग आत जातो. एकदा गेला की आम्लाने धुतलं तरी निघत नाही. निळ्या पार्श्वभूमीवर बारीक तांबड्या काड्या दिसतात. ही रीत झील आणि नीलसन यांची, १८८० च्या दशकातली. आयसोनियाझिड हे औषध त्या मेणाचं काम बंद पाडतं, एथॅम्ब्युटॉल मेणाच्या खालच्या साखरेच्या थराचं. हा जंतू वाढतो अगदी सावकाश, आणि वर सूक्ष्मदर्शी यांनी लिहिलंय तेच इथे लागू पडतं. पडून असलेल्या जंतूला गाठणं कठीण. सहा-सहा महिने गोळ्या घ्याव्या लागतात त्या यासाठी. बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडलेला तरुण मुलगा पुन्हा वॉर्डात दिसला की फार वाईट वाटतं.

आता ग्राम-निगेटिव्ह जिवाणू, म्हणजे ग्राम यांच्या रंगाच्या चाचणीत जांभळा रंग धरून न ठेवणारे. त्यांची जाळी अगदी पातळ, पण तिच्याबाहेर आणखी एक पटल असतं. व्हॅन्कोमायसिन हे औषध धाग्याच्या त्याच शेपटाला धरतं, पण त्याचा रेणू मोठा आहे, तो या बाहेरच्या पटलातून जातच नाही. आत ते शेपूट असूनही औषध दाराशीच अडतं. शिवाय या पटलाच्या बाहेरच्या अंगाला असलेला लिपोपॉलिसॅकराइड (चरबी आणि साखरा जोडलेला रेणू) रक्तात मिसळला की ताप, थंडी, रक्तदाब उतरणं सुरू होतं.

शेवटची गोष्ट पुण्याची. काही जिवाणू भिंतीच्याही बाहेर साखरांचं बुळबुळीत आवरण चढवतात, कॅप्सूल. त्यामुळे आपल्या पांढऱ्या पेशींना त्यांना गिळता येत नाही. हेच आवरण वेगळं काढून लस करता येते. अडचण अशी की तान्ह्या मुलांचं शरीर नुसत्या साखरेला नीट ओळखत नाही. म्हणून ती साखर एका प्रथिनाला जोडतात. आफ्रिकेतल्या मेंदूज्वराच्या पट्ट्यासाठी अशी लस पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनली, धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला, म्हणजे निकामी केलेल्या विषाच्या प्रथिनाला जोडलेली. २०१० च्या डिसेंबरात बुर्किना फासोत ती मोठ्या प्रमाणावर द्यायला सुरुवात झाली. तिची किंमत अर्ध्या डॉलरच्या आत ठेवली होती. एका जिवाणूचा अंगरखा हडपसरमध्ये प्रथिनाला जोडला गेला आणि पश्चिम आफ्रिकेतली मुलं वाचली, हे मला अजूनही थक्क करतं.

---

शिवारातून | सोमवार, सकाळी ८:१५

जुन्नर तालुक्यातून. आमच्याकडे द्राक्ष आणि कांदा. तुम्ही सगळे आतल्या भिंतीचं बोलताय, आमची झटापट असते पानाच्या वरच्या थराशी.

कांद्याच्या पातीवर औषध मारलं की थेंब गोळा होऊन घरंगळतो, खाली मातीत. म्हणून पंपात औषधाबरोबर स्टिकर टाकायचं. मग थेंब पसरतो. नवीन पोरगं कामाला आलं आणि स्टिकर विसरलं की पूर्ण पंप वाया.

द्राक्षाच्या मण्यावर पांढुरका थर असतो. गिऱ्हाईक म्हणतं औषध मारलंय. ती द्राक्षाची स्वतःची मेणाची लव आहे. काढणीच्या वेळी ती पुसली जाऊ नये म्हणून आम्ही घड देठाला धरून उचलतो. धुऊन तर खायचंच, पण तो पांढरा रंग म्हणजे विष नाही.

आणि तासगावकडे बेदाणा करतात तेव्हा उलट ती लव मोडावी लागते. मणी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात, मग शेडमध्ये सुकायला टाकतात. न बुडवता टाकले तर पाणी सुटता सुटत नाही.

---

बुचाचं फूल | सोमवार, सकाळी ११:००

शिवारातून दादा, फार मोलाचं लिहिलंत. भिंतीच्या बाहेर पानाला क्युटिन आणि मेण यांचा थर असतो, क्युटिकल. जमिनीवर राहायला आलेल्या वनस्पतीला पाणी धरून ठेवायचं तर तो हवाच. बेदाण्याचं उदाहरण मी यापुढे वर्गात देणार.

थेंब घरंगळण्याबद्दल मराठीत तर म्हणच आहे, अळवावरचं पाणी. अळूच्या पानावर सूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यांच्यावर मेणाचे त्याहून बारीक स्फटिक. थेंब उंचवट्यांच्या टोकांवर टेकतो, खाली हवा राहते. थेंब घरंगळताना धूळ आणि बुरशीचे बीजाणू बरोबर घेऊन जातो. कमळाच्या पानावर हेच होतं. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली याचा अभ्यास केला आणि १९९७ च्या सुमाराला 'लोटस इफेक्ट' हे नाव जगभर झालं. लेकीला एक प्रयोग सांगा. अळूच्या पानाचा एक भाग बोटाने जोरात चोळायचा आणि मग पाणी टाकायचं. चोळलेल्या जागी थेंब पसरतो. मेण मोडलं की सगळा खेळ संपला.

अवांतर: माझ्या नावाचं झाड. पावसाळा सरला की पुण्याच्या जुन्या रस्त्यांवर पहाटे पांढऱ्या लांब देठांच्या फुलांचा सडा पडतो, ते बुचाचं झाड. त्याची साल जाड, भेगाळलेली, हलकी. खऱ्या बुचाच्या बदली ती वापरत, म्हणून हे नाव. खरं बूच भूमध्य समुद्राकाठच्या ओकचं, आणि त्याच बुचाचा पातळ काप १६६५ मध्ये रॉबर्ट हूक यांनी भिंगाखाली पाहिला. त्यांना मधाच्या पोळ्यासारखी घरं दिसली. त्यांनी त्यांना 'सेल' म्हटलं, खोल्या. त्या खोल्यांत कुणीच नव्हतं. पेशी केव्हाच मेल्या होत्या, उरल्या होत्या सुबेरिन या मेणचट पदार्थाने लिंपलेल्या भिंती. म्हणजे माणसाने पेशीच्या आधी पेशीची भिंत पाहिली आणि तिलाच पेशीचं नाव दिलं.

---

कडूकारले | सोमवार, दुपारी १२:२०

मग सूक्ष्मदर्शी यांचं 'अखंड बांधकाम' फक्त जिवाणूंना लागू. झाडाची भिंत मेलेलीच असते. लाकूड बघा, बूच बघा.

---

अकरावी_विज्ञान | सोमवार, दुपारी ४:४०

मलाही हेच विचारायचं होतं. भिंत एवढी घट्ट तर झाड वाढतं कसं?

---

बुचाचं फूल | सोमवार, रात्री ९:५०

कडूकारले, लाकडाबद्दल तुमचं बरोबर आहे. तिथे पेशी आतून दुसरी जाड भिंत चढवते, त्यात लिग्निन हा कठीण पदार्थ भरते आणि मरते. तिच्या पोकळ नळीतून पाणी वर जातं. पण ती बांधकाम संपलेली भिंत आहे.

कोवळ्या कोंबाकडे बघा. तिथे ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक पोहोचलं की पेशी भिंतीत आम्ल सोडते. आम्लाने एक्सपान्सिन नावाची प्रथिनं जागी होतात, ती सेल्युलोजच्या पेडांना धरून ठेवणारे बंध सैल करतात. आतला पाण्याचा दाब भिंत ताणतो, पेड एकमेकांवरून सरकतात, पेशी नवं सेल्युलोज घालत जाते. पिंपाला कड्या घालतात तसे पेड आडवे गुंडाळलेले असतील तर पेशी जाड होऊ शकत नाही, लांबच होते. म्हणून कोंब उंच जातो. सैल करायचं, ताणू द्यायचं, पुन्हा घट्ट करायचं. साहित्य वेगळं, गवंडीकाम तेच.

आणि दाब गेला की काय होतं ते रोज ओट्यावर दिसतं. मिठाने काकडीला पाणी सुटतं, ती लुळी पडते. भिंत जागेवरच असते, आतला जोर गेलेला असतो. सुकलेली कोथिंबीर पाण्यात उभी ठेवली की तासाभरात ताठ होते.

---

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, सकाळी ७:३०

रविवारी मी 'तिथे धरायला काहीच मिळत नाही' असं लिहिलं. तुळशीपुरतं ते बरोबर, सगळ्या वनस्पतींना मात्र लागू नाही. ते दुरुस्त करतो.

वनस्पतीतलं हरितलवक हे फार पूर्वी पेशीत येऊन राहिलेल्या सायनोबॅक्टेरियाचं वंशज. जिवाणूचं घर म्हटल्यावर भिंतही आली. बहुतेक वनस्पतींत ती पुढे नाहीशी झाली. पण ग्लॉकोफाइट नावाच्या शैवालांत हरितलवकाभोवती पेप्टिडोग्लायकन आजही आहे. आणि पावसाळ्यात भिंतींवर हिरवी मखमल चढते, जिला आपण सरसकट शेवाळ म्हणतो, त्यातल्या मॉसच्या एका जातीत, फिस्कोमिट्रेलात, ते २०१६ साली दाखवलं गेलं. या मॉसला अँपिसिलिन हे पेनिसिलिनच्याच कुटुंबातलं औषध दिलं तर पेशी मरत नाही, पण हरितलवकाचं विभाजन थांबतं. पन्नासेक छोट्या हरितलवकांऐवजी पेशीत एकच अवाढव्य हरितलवक दिसू लागतं.

तेव्हा लेकीला सांगा, तुळस सुखरूप आहे. मॉसला मात्र आजोबांच्या औषधाची झळ लागते. तिचा प्रश्न मला वाटला होता त्यापेक्षा खोल निघाला.

---

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ७:५५

हे मला माहीत नव्हतं. दोनदा वाचलं.

---

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, सकाळी ८:०५

पिंपरीची लेक, शनिवारी आमच्या प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाचं ग्राम अभिरंजन आहे, म्हणजे जिवाणू रंगवून त्यांच्या भिंतीचा प्रकार ओळखण्याचं प्रात्यक्षिक. विभागप्रमुखांची परवानगी घेतली आहे. आजोबांना आणि लेकीला आणता का? घरचं दही आणा.

---

पिंपरीची लेक | शनिवार, संध्याकाळी ६:४०

जाऊन आलो. सविस्तर लिहिते, कारण तुम्हा सगळ्यांचं त्यात काही ना काही आहे.

सरांनी आधी ग्राम यांची गोष्ट सांगितली. १८८४, बर्लिन, न्यूमोनियाने गेलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांचे काप, आणि त्यांत जंतू वेगळे दिसावेत म्हणून रंग शोधणारा एक तरुण डॅनिश डॉक्टर. मग लेकीने स्वतः केलं. दह्याचा ठिपका पाण्यात पातळ करून काचपट्टीवर पसरला, वाळवला, ज्योतीवरून फिरवला. जांभळा क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, आयोडिन एक मिनिट, मग काही सेकंद अल्कोहोल, शेवटी तांबडा सॅफ्रनिन. सर अल्कोहोलच्या वेळी तिच्या मनगटाला धरून होते, तिथेच चूक होते म्हणाले. जाड भिंतीच्या जाळीत जांभळा रंग अडकून राहतो, पातळ भिंतीतून धुतला जातो आणि तिथे गुलाबी चढतो.

तेल लावून हजार पटीने पाहिलं. लांब काड्या आणि मण्यांच्या माळा. बाबांना खुर्ची दिली, सरांनी भिंग त्यांच्या डोळ्याला जुळवून दिलं. बाबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "सगळ्या जांभळ्या नाहीत. काही काड्या गुलाबी आहेत. दह्यात दुसरं काही शिरलंय का?"

सरांनी विचारलं, दही कधीचं? मी सांगितलं, चार दिवसांचं. घाईत फ्रिजमधलं उचललं होतं. सर म्हणाले, तोच जिवाणू आहे. जुन्या विरजणात पेशींची वाढ थांबते, भिंतीची डागडुजी होत नाही, ती विरते आणि रंग धरत नाही.

बाबांनी भिंगावरून डोळा काढला नाही. लेकीला म्हणाले, "बघ, गवंडी गेलेत."

येताना रिक्षात त्यांनी घरी फोन लावायला सांगितला. आज रात्री ताजं विरजण लावायचंय, सकाळच्या दह्याची पट्टी करायला सरांनी सोमवारी पुन्हा बोलावलंय.